औष्णिक स्वास्थ्याची मोजणी आणि प्रश्नावलीची भाषा

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने इमारतींतील उष्णता व विजेचा वापर यांविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. त्यास निमित्त झाली ती एक प्रश्नावली. वास्तुशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका स्नेह्यांनी ती मराठीत उतरवून देण्याची विनंती प्रस्तुत लेखकास केली. काम एका संध्याकाळचे, अशा समजुतीने ते हाती घेतले आणि पहिल्याच प्रश्नापाशी अडलो. ती अडचण केवळ भाषांतराची नव्हती. संशोधनाची पद्धती कशी निवडावी हा मूळ प्रश्नच तिच्या पोटात होता.

इमारत किती ऊर्जा खर्च करते आणि तीत वावरणाऱ्या माणसास हवा सुसह्य वाटते काय, हे प्रश्न बहुधा जोडीने विचारले जातात. यांपैकी दुसऱ्यास येथे ‘औष्णिक स्वास्थ्य’ म्हटले आहे. (‘सुख’ हा शब्द फार मोठा, पंख्याच्या वाऱ्याने जे मिळते त्यास स्वास्थ्य म्हणणेच बरे.) प्रश्न जोडीचे असले तरी त्यांची साधने एक नाहीत.

ऊर्जेचा हिशेब वरकरणी सोपा. विजेचे मासिक बिल एकूण खर्च सांगते; तो दिव्यांवर झाला की वातानुकूलनावर, हे सांगत नाही. ते हवे असेल तर निरनिराळ्या मंडलांवर स्वतंत्र मीटर बसवून तासातासाच्या नोंदी घ्याव्या लागतात. इमारत अद्याप बांधलीच नसेल, तर संगणकावर तिची गणिती प्रतिकृती करून भिंत जाड केल्यास किंवा खिडकीवर छज्जा काढल्यास काय फरक पडेल ते अजमावता येते. परंतु खिडकी कोण केव्हा उघडील आणि यंत्र किती अंशांवर लावील, हे त्या प्रतिकृतीस अभ्यासकानेच आधी सांगावे लागते; म्हणजे जे शोधावयाचे त्यातला मोठा भाग गृहीत धरावा लागतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 1970 नंतरच्या दशकात केलेला अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. एकाच नकाशाची, लागून लागून असलेली घरे; तरीही त्यांच्या इंधनखर्चात दुपटीपर्यंत अंतर आढळले. मग संशोधकांनी बिऱ्हाडे बदललेली घरे आणि न बदललेली घरे वेगळी काढली. भिंती त्याच राहून माणसे बदलली, तेव्हा त्या घरांच्या खर्चाचा जुन्या खर्चाशी मेळ फारसा उरला नाही. केवळ बिलांचीच सामग्री, पण ती योग्य रीतीने विभागल्यामुळे घर किती आणि घरातली माणसे किती, याचा निवाडा करता आला. नवे उपकरण घेण्यापूर्वी हाती असलेल्या नोंदी अशा तऱ्हेने विभागून पाहता येतील काय, हा विचार आपल्याकडे पुरेसा होत नाही, असे वाटते.

स्वास्थ्याच्या अभ्यासात दोन परंपरा आहेत. डेन्मार्कचे पी. ओ. फॅंगर यांचा 1970 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पहिल्या परंपरेचा आधार होय. नियंत्रित हवामानाच्या बंद खोलीत माणसे बसवून त्यांनी हवेचे तापमान, सभोवारच्या पृष्ठभागांचे तापमान, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरील वस्त्रे आणि शरीराची हालचाल या सहा गोष्टींवरून सरासरी माणसाची संवेदना वर्तवणारे समीकरण बांधले. दुसरी परंपरा मायकेल हंफ्रीज व फर्गस निकोल यांसारख्या अभ्यासकांची. माणसाला त्याच्या नेहमीच्या कचेरीत वा घरात गाठावे, उपकरणांनी हवा मोजावी आणि त्याच क्षणी त्यास कसे वाटते ते विचारावे, ही त्यांची रीत. माणूस खिडकी उघडतो, सदरा बदलतो, ऋतूशी जुळवून घेतो. म्हणून त्याचे सुसह्य तापमान बाहेरच्या हवेबरोबर सरकते, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या देशात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली व शिमला येथील कचेऱ्यांत याच रीतीने काम झाले व त्याचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी त्यांतून निघालेले सूत्र असे: बाहेरच्या तापमानाच्या गेल्या 30 दिवसांच्या सरासरीस 0.54 ने गुणून त्यात 12.83 मिळवावे. सरासरी 30 अंश असेल तर उत्तर सुमारे 29 येते. कचेरीतील यंत्र 24 वर लावणे आणि 29 अंश चालतील असे मानणे, यांत विजेचा किती फरक पडतो ते वेगळे सांगावयास नको.

यांपैकी खरी पद्धती कोणती, हा प्रश्न चुकीचा आहे. शरीर उष्णता कशी टाकते हे जाणावयाचे तर बंद खोलीच हवी. क्षेत्रात सहाही गोष्टी एकदम बदलतात व कार्यकारण गुंततात. मे महिन्यात नागपूरच्या शाळेत मुले कशी बसतात हे जाणावयाचे असेल, तर ती खोली निरुपयोगी. मात्र जो क्षेत्रात जाईल त्याच्या हाती दोन उपकरणे असतात: एक तापमापक, दुसरे प्रश्नाचे वाक्य. तापमापक तो प्रयोगशाळेत पडताळून घेतो. वाक्य पडताळून घेण्याची चाल नाही.

मूळ इंग्रजी प्रश्नात सात पायऱ्या आहेत: मध्यभागी ना उष्ण ना शीत, आणि दोन्ही बाजूंस तीन तीन. पैकी उष्णतेच्या बाजूचा दुसरा शब्द कोशाच्या आधारे मराठीत ‘उबदार’ होतो. पण खोली उबदार आहे असे म्हणणारा तिची तक्रार करीत नाही, वाखाणणी करतो. तीच गत ‘गार’ची. वैशाखात माठातले पाणी गार असते, पहाटेचा वारा गार असतो. ‘आत कसे गार वाटते’ या उद्गारात समाधान आहे. मापनपट्टीवर मात्र ती खूण मध्यापासून ढळलेली, म्हणजे काहीशी उणी समजली जाते. मध्याची पायरी तर अधिकच अवघड. पाठ्यपुस्तकी ‘उदासीन’ लिहिले, तर बरे वाटणारा कोणता मनुष्य त्यावर खूण करील?

याहून मोलाचा धडा ‘उकडते’ या क्रियापदाने दिला. आपले व्याकरणकार त्यास भावकर्तृक म्हणतात. ‘उजाडले’प्रमाणे त्याला निराळा कर्ता नाही. ‘मला उकडते’ यातला ‘मला’ केवळ अनुभव घेणारा. म्हणून ‘ही खोली कशी आहे?’ असे विचारल्यास ‘गरम आहे’ हे उत्तर येईल, आणि ‘तुम्हांला कसे वाटते?’ असे विचारल्यास ‘उकडते’. ही दोन उत्तरे एकाच गोष्टीची नव्हेत. मोदक ज्या क्रियेने वाफेवर होतात तीच ही क्रिया. तिच्यात दमटपणा आहे, वारा पडल्याची जाणीव आहे. विदर्भातल्या कोरड्या दुपारी झळा लागतात, अंग भाजते, मुंबईत उकडते. ‘उकडते’ असे सांगणाऱ्याची नोंद अभ्यासकाने ‘अत्युष्ण’ या पायरीवर केली, तर उपाय म्हणून तो तापमान उतरवील, आणि जेथे पंख्याने भागले असते तेथे वातानुकूलनाचे यंत्र येऊन बसेल. शब्दाची चूक अशी विजेच्या बिलात उतरते.

ही अडचण मराठीपुरती नाही. 30 देशांतील 8,225 व्यक्तींकडून 21 भाषांत सामग्री गोळा करून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका सामुदायिक अभ्यासात, पायऱ्यांमधील अंतरे सर्वांना सारखी वाटतात हे संशोधकांचे गृहीत टिकले नाही.

तेव्हा स्नेह्यांची प्रश्नावली परत करताना ती भाषांतरित न करता नव्याने लिहिली. संवेदनेचा प्रश्न ‘तुम्हांला’ या शब्दाने सुरू केला व मध्यावर ‘ना गरम, ना थंड’ असे साधे शब्द ठेवले. ‘उबदार’ व ‘गार’ गाळून ‘थोडे गरम’, ‘थोडे थंड’ घातले. याहून थंड हवे, गरम हवे की आहे तेच बरे, असा पसंतीचा प्रश्न वेगळा केला. त्यामुळे ‘थोडे थंड’वर खूण करून ‘आहे तेच बरे’ म्हणणारा माणूस हाती लागतो. उकाडा, घाम आणि वारा यांना स्वतंत्र ओळी दिल्या. ‘चालेल काय?’ हा प्रश्न मात्र काढून टाकला. साहेबांच्या परवानगीने आलेल्या पाहुण्यास आपला कारकून ‘चालेल’ याखेरीज दुसरे काही सांगत नाही.

स्नेह्यांची एक तक्रार राहिली: अशा प्रश्नावलीची आकडेवारी परदेशी आकडेवारीशी थेट ताडून पाहता येणार नाही. तक्रार रास्त आहे. त्यावर तोड म्हणून दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या काही व्यक्तींना एकाच खोलीत, एकाच दिवशी, दोन्ही प्रश्नावल्या आलटून पालटून द्याव्यात आणि त्यांच्या उत्तरांतील अंतर आधी मोजावे, असे ठरले आहे. खोली मिळाली आहे. उन्हाळ्याची वाट पाहत आहोत.