जनुक बदललेला मासा: प्रश्न फक्त हलालचा नाही

मासा हलाल, त्याला जबह करावे लागत नाही, हे आपल्या घरात लहान पोरांनाही माहीत असते. कोलंबीवरून हनफी आणि शाफई घरांत थोडी चर्चा होते, ती वेगळी! पण प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या माशाचे काय?

आधी एक गोंधळ दूर करू. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने 1997 साली आणलेला 'जयंती' रोहू हा जनुक घुसवलेला मासा नाही. जोमाने वाढणारे नर-मादी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तो तयार झाला, शेतकरी बियाणे निवडतो तसाच. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

सॅमनची गोष्ट निराळी. 1989 मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी अटलांटिक सॅमनच्या अंड्यात चिनूक सॅमनचे वाढीचे जनुक घातले. ते थंडीतही चालू राहावे म्हणून ओशन पाउट या तिसऱ्या माशाच्या डीएनएचा तुकडा जोडला. एरवी विक्रीजोगा व्हायला जवळपास तीन वर्षे घेणारा मासा दीड वर्षात तयार! 2015 मध्ये अमेरिकेने आणि 2016 मध्ये कॅनडाने त्याला परवानगी दिली.

तिन्ही मासेच, त्यामुळे हलालचा पेच आम्हाला इथे फारसा दिसत नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या प्राण्याचे जनुक आले तर उलमांना विचारावेच लागेल. खटकतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी.

कॅनडात 2017 साली हा मासा विकला गेला, पण पाकिटावर तसे लिहिण्याची सक्ती नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण सगळे जाणतो. धान्य हराम नव्हते, लपवणे गैर होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे मासे बंद टाक्यांत वाढवलेले, सगळ्या माद्या आणि त्याही वांझ केलेल्या. पण वांझ करण्याची युक्ती प्रत्येक अंड्यावर हमखास चालतेच असे नाही. निसटून नैसर्गिक सॅमनमध्ये मिसळले तर? नदी-समुद्र कंपनीची मालमत्ता नाही, ती अल्लाहची अमानत आहे, आणि तिच्यावर दुसऱ्यांचे पोटही आहे. अमेरिकेतली क्विनॉल्ट ही आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या सॅमनवर जगत आली. ती पर्यावरण संघटनांसोबत कोर्टात गेली. या शक्यतेचा सरकारी खात्याने नीट विचारच केला नाही, असे 2020 मध्ये कोर्टाने सुनावले. परवानगी मात्र रद्द केली नाही.

डिसेंबर 2024 मध्ये कंपनीने स्वतःच हे मत्स्यपालन बंद केले. कारण पैसा पुरला नाही.