रहस्यकथा आणि चार हजार वर्षांपूर्वींचें घर

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा ग्रंथांत तयार मिळतात. रहस्यकथा लिहिणाऱ्याचें तेवढ्यावर भागत नाहीं. त्याच्या कथेंतील मृत्यु बहुधा रणांगणावर होत नाहीं. तो माजघरांत होतो. विष अन्नांतून दिलें गेलें असेल, तर त्या घरांत कोण काय खात असे, कोणाच्या पंक्तीला बसत असे आणि वाढावयास कोण असे, हें लेखकाला ठाऊक पाहिजे. इतर कादंबरींत असला तपशील चुकला तर फार तर एखाद्या पंडिताच्या कपाळाला आठी पडेल. रहस्यकथेंत मात्र तोच तपशील पुरावा असतो. आणि पुरावाच खोटा निघाला तर वाचकाची सरळ फसवणूक होते.

अगाथा ख्रिस्ती या विख्यात इंग्रज लेखिकेची ‘डेथ कम्स अ‍ॅज दि एंड’ ही कादंबरी या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ती १९४४ सालीं अमेरिकेंत व १९४५ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाली. कथानक ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमाराचें, इजिप्तमधील थीब्जच्या परिसरांतलें. बाईंचे पती मॅक्स मॅलोवन हे पुरातत्त्वज्ञ. त्यामुळें इराक व सीरियांतील उत्खननें त्यांच्या परिचयाचीं होतीं. इजिप्तची ही कल्पना मात्र स्टीफन ग्लॅनव्हिल या इजिप्तविद्येच्या प्राध्यापकांनीं सुचविली, आणि ग्रंथही त्यांनींच पुरविले.

कथेचें बीज खऱ्या पत्रांत होतें. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाच्या उत्खनन-मंडळाला १९२१-२२ च्या हंगामांत, लक्सॉरच्या समोर नाईलच्या पश्चिम तीरावर, खडकांत खोदलेल्या एका थडग्यांत पपायरसवरील कांहीं पत्रें सांपडलीं. लिहिणारा हेकानख्त हा एका दिवंगत वजिराच्या थडग्यांतील नैवेद्यपूजा चालविणारा पुरोहित आणि जमीनजुमला बाळगून असलेला कुटुंबप्रमुख. परगांवाहून तो घरच्यांना बजावतो: अमुकाला इतकें धान्य द्या, मला जुने, वाळके सातू कां पाठविले, धाकट्याचे लाड पुरवा, त्या मोलकरणीला घरांतून काढा, आणि घरांत आणलेल्या नव्या स्त्रीशीं नीट वागा. एवढ्यावरून घरांतील धुसफूस स्पष्ट ऐकूं येते. ख्रिस्तीबाईंनीं तीच धुसफूस खुनापर्यंत नेली.

परंतु पत्रांनीं भांडण दिलें. घर दिलें नाहीं. घरांतला माणूस घरच्यांना पत्र लिहितांना आपली खोली कशी आहे हें कशाला सांगेल? म्हणून बाई ग्लॅनव्हिलना विचारीत राहिल्या: हीं माणसें काय खात? कोठें बसून खात? स्त्रीपुरुष एकत्र जेवीत काय? निजावयाच्या खोल्या कशा असत? कपडे कशांत ठेवीत? प्रश्न साधे, पण एकेका उत्तरासाठीं प्राध्यापकांना अनेक ग्रंथ चाळावे लागत.

असल्या प्रश्नांचीं उत्तरें शिलालेखांपेक्षां थडग्यांतील चित्रांत आणि लांकडी प्रतिकृतींत अधिक मिळतात. मेकेत्रे नांवाच्या अधिकाऱ्याच्या थीब्ज येथील थडग्यांत १९२० सालीं अशा प्रतिकृती निघाल्या. त्यांत धान्याचें कोठार आहे, भाकरी भाजण्याची व बिअर गाळण्याची जागा आहे, विणकरांची शाळा आहे, गुरांची मोजदादही आहे. काय नव्हतें हेंही तितकेंच महत्त्वाचें. त्या काळीं इजिप्तमध्यें नाणें नव्हतें. म्हणून लोभाचा विषय जमीन, धान्य, गुरें, कापड किंवा तांबें हाच असावयाचा. घोडा नव्हता, म्हणून मारेकऱ्याला घोडदौड करून पळतां येत नाहीं. कोठीच्या दाराला दोरी गुंडाळून तीवर चिखलाची मुद्रा उठवीत. म्हणून फुटलेली मुद्रा हीच चोरीची पहिली साक्ष.

तथापि पंडिताचा अधिकार कोठें संपतो, हेंही याच कादंबरीनें दाखविलें. ग्लॅनव्हिलनीं शेवट बदलण्याचा आग्रह धरला. बाईंनीं तो मानला, आणि पुढें त्याबद्दल त्यांना खेद वाटत राहिला. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यांनीं तसें नमूद केलें आहे. घरांत मेज होतें कीं नव्हतें, हें विद्वानानें सांगावें आणि लेखकानें निमूटपणें ऐकावें. त्या मेजाभोवतीं बसलेल्यांपैकीं कोणाच्या मनांत काळें होतें, हें ठरविणें मात्र लेखकाचेंच काम होय.