काटा शून्यावर आला… इंजिन गेलं की सेन्सर?



आकडे रोज बघायचे, हे आपण व्हिडिओमध्ये नेहमी बोलतो. पण आकडा वाईट दिसला तर आधी काय तपासायचं? आज उदाहरण घेऊया छोट्या विमानाच्या इंजिनाचं, कारण तिथे अंदाजपंचे काम चालत नाही.

रोटॅक्स ९१२ हे चार सिलिंडरचं इंजिन दोन सीटच्या बऱ्याच ट्रेनिंग विमानांत असतं. उड्डाणात त्याचं ऑइल प्रेशर साधारण २ ते ५ बार लागतं. स्टार्ट केल्यावर १० सेकंदांत प्रेशर चढलं नाही तर इंजिन लगेच बंद करायचं. ऑइल पोचलं नाही तर बेअरिंग घासतात आणि इंजिन जाम होतं.

आता समजा हवेत असताना काटा शून्यावर आला. पायलट आधी ऑइलचं तापमान बघतो. प्रेशर नाही आणि तापमान चढतंय, म्हणजे इंजिन बंद पडणार असं धरून पॉवर कमी करायची आणि उतरायची जागा शोधायची. तापमान नॉर्मल असेल तर मीटरचा दोष असू शकतो. तरीही जवळच्या विमानतळावर उतरायचंच. बाकी तपासणी जमिनीवर.

जमिनीवरचा क्रम

१. ऑइलची पातळी. इग्निशन बंद करून प्रोपेलर हाताने नेहमीच्या दिशेने फिरवतात, म्हणजे इंजिनातलं ऑइल टाकीत परत येतं. मग डिपस्टिक बघायची. खर्च शून्य.

२. वायर आणि कनेक्टर. काटा क्षणात ४ वरून ० आणि परत ४ वर उडतोय? मग आधी संशय वायरिंगवर घ्या. ऑइल गरम होत जाईल तसा काटा हळूहळू उतरतोय? मग संशय ऑइलवर किंवा इंजिनावर.

३. दुसरा गेज. सेन्सर काढून त्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावायचा. त्यावर प्रेशर बरोबर आलं तर दोष सेन्सर, वायरिंग किंवा मीटरमध्ये. त्यावरही कमी आलं तर सेन्सर खरं बोलत होता. मग ऑइल पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, फिल्टर, बेअरिंग बघायचे.

आधी थेट नवीन सेन्सर बसवला तर पैसे जातात, आणि खरा दोष इंजिनात असेल तर तो तसाच राहतो.

यातली सगळ्यात हुशार गोष्ट

नवीन सेन्सर ४ ते २० मिलीअँपिअर करंट पाठवतात. ०–१० बारच्या सेन्सरमध्ये ० बार म्हणजे ४ मिलीअँपिअर, ५ बार म्हणजे १२, १० बार म्हणजे २०. शून्य प्रेशरलाही करंट ४ का ठेवला? कारण वायर तुटली तर करंट ० होतो. म्हणजे 'प्रेशर शून्य आहे' आणि 'माहितीच येत नाही' हे दोन्ही वेगळे ओळखता येतात.

आता आपली विक्रीची वही उघडा. मंगळवारची ओळ कोरी आहे. त्या दिवशी विक्री झाली नाही, की पोराने लिहिली नाही? महिन्याने कोणालाच सांगता येत नाही. म्हणून नियम करा: विक्री नाही झाली तर '०' लिहायचं. कोरी जागा म्हणजे नोंद राहिली, लगेच विचारायचं.

दुसरा गेजही ठेवा. वहीतली विक्री, गल्ल्यातली रोकड अधिक यूपीआय आणि संपलेला माल हे तिन्ही जुळले पाहिजेत. नफा कमी दिसला की 'हिशोबच चुकला असेल' हे ऐकायला गोड वाटतं. पण पायलटसारखं वागा: चूक सिद्ध होईपर्यंत आकडा खरा धरा आणि खर्चाची पॉवर कमी करा.

गॅरेज किंवा जनरेटर दुरुस्ती सुरू करणाऱ्यांसाठी: हाच क्रम तिथेही चालतो. ऑइल प्रेशरचा मेकॅनिकल गेज पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि तपासणीचे पैसे वेगळे घ्या. ग्राहकाला दोन्ही रीडिंग दाखवा, विश्वास तिथेच बसतो. विमानाच्या इंजिनाला मात्र हात लावायचा नाही. ते काम डीजीसीएचं लायसन्स असलेल्या इंजिनिअरचं.

आजचा गृहपाठ: गेल्या ३० दिवसांची वही काढा आणि कोऱ्या ओळी मोजा. तेवढे दिवस तुमचा धंदा मीटरशिवाय उडत होता.