करवंद म्हणजे क्रॅनबेरी का? लघवीची जळजळ आणि 'नैसर्गिक' उपाय

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंज येते-जाते, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. जसं बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे, ॲक्च्युअली" तेवढे गाळलेत.

आजचा विषय घरात कुणी मोठ्याने काढत नाही. लघवीला जळजळ होणं. आजी म्हणते "उन्हाळी लागली", मेडिकलवाला म्हणतो "युरिन इन्फेक्शन", डॉक्टर लिहितात यूटीआय. शहापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं होतं: "मेडिकलमध्ये क्रॅनबेरीची पाकिटं देतात, फार महाग पडतात. क्रॅनबेरी म्हणजे आपली करवंदंच ना? मग मे महिन्यात पोटभर करवंदं खाल्ली तर चालेल का?"

प्रश्न इतका चांगला आहे की अख्खा भाग त्याच्यावरच करतेय. मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारी आहे. पण मोठ्या चाचण्यांचे निकाल वाचून सोप्या भाषेत सांगणं मला जमतं, तेवढंच करते. तपासणी आणि औषध मात्र डॉक्टरांकडूनच.

आधी होतं काय ते बघू

उन्हाळी आणि इन्फेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. दिवसभर उन्हात भातखाचरात राबलात, पाणी कमी प्यालात, तर लघवी घट्ट, गडद पिवळी होते आणि जळजळते. त्यात जंतू नसतातच. दोन तांबे पाणी पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत बरं वाटतं. आजीचं धण्याचं पाणी इथे हमखास लागू पडतं, त्याचं कारण हेच.

इन्फेक्शन म्हणजे जंतू मूत्राशयात शिरून तिथे वाढणं. बहुतेक वेळा तो ई. कोलाय नावाचा जंतू असतो, जो आपल्या आतड्यात एरवी निमूट राहतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषांचा 20 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून हा त्रास बायकांना जास्त. यात "स्वच्छता ठेवत नाही" असा टोमणा मारण्यासारखं काही नाही, ही शरीराची रचना आहे.

या जंतूला बारीक केसांसारखे धागे असतात. त्यांच्या टोकाने तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातल्या मॅनोज नावाच्या साखरेला चिकटतो. चिकटला नाही, तर लघवीबरोबर वाहून जातो. बाजारातल्या बऱ्याच 'नैसर्गिक' पुड्या या चिकटण्यालाच अडवायचं आश्वासन देतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काळी मैना आणि परदेशी पाहुणी

करवंदाला इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी 'इंडियन क्रॅनबेरी' म्हणतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या रस्त्यावर द्रोणात विकायला असते ती आपली डोंगरची काळी मैना वेगळी. क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेतल्या थंड, दलदलीच्या जागेत येते. दोघींचं कुळसुद्धा वेगळं. आंबट-तुरट चव सोडली तर नातं काही नाही. तेव्हा ताई, करवंदं खुशाल खा, पण लघवीच्या इन्फेक्शनसाठी म्हणून नको. बाजारात 'क्रॅनबेरी' म्हणून सुकवलेली, साखरेत घोळवलेली करवंदंही विकतात, तेव्हा पाकिटावर आत काय आहे ते वाचा.

आता खऱ्या क्रॅनबेरीचं. 2012 साली कॉक्रेन नावाच्या संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि "फारसा उपयोग दिसत नाही" असं सांगितलं. 2023 मध्ये त्यांनी पुन्हा बघितलं, तेव्हा 50 चाचण्या आणि जवळजवळ 8,900 माणसांची माहिती हाताशी होती. या वेळी उत्तर बदललं. ज्या बायकांना इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं, त्यांच्यात क्रॅनबेरीमुळे धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी झाला. लहान मुलांतही फायदा दिसला. गरोदर बायका, वृद्धाश्रमात राहणारी म्हातारी माणसं आणि ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही अशांच्यात मात्र फायदा दिसला नाही.

तर क्रॅनबेरी इन्फेक्शन *पुन्हा होऊ नये* म्हणून थोडी मदत करते. *झालेलं* इन्फेक्शन ती बरं करत नाही. आज जळजळ सुरू झाली आणि आज पाकीट आणलं, तर ते पैसे चुकीच्या खात्यात गेले. साखर घातलेला ज्यूस तर डायबेटीसवाल्यांनी नकोच. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल किंवा मुतखड्याचा त्रास असेल, तर क्रॅनबेरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

डी-मॅनोजची पुडी

जंतू मॅनोजला चिकटतो, मग मॅनोजच पाण्यात घालून प्यायचं, म्हणजे जंतू त्यालाच चिकटून बाहेर जाईल. ऐकायला एकदम फिट्ट. माझ्यासारख्या माणसाला तर हे लॉजिक लगेच पटतं. पण लॉजिक बरोबर असलं तरी कोड चालतोच असं नाही, टेस्ट करावी लागते.

ती टेस्ट ब्रिटनमध्ये झाली, निकाल 2024 मध्ये आला. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या 598 बायका. अर्ध्यांना सहा महिने रोज डी-मॅनोज, अर्ध्यांना तशीच दिसणारी दुसरी साखर. कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांत पुन्हा त्रास होऊन दवाखाना गाठावा लागला अशा बायका एका गटात 100 मागे 51, दुसऱ्या गटात 100 मागे जवळपास 56. इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे उपयोग सिद्ध झाला नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत क्रॅनबेरी आणि डी-मॅनोज एकत्रच असतं. पाकीट उलटं करून बघा. अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे अशा सप्लिमेंटवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे 'औषध म्हणून वापरू नये', असं छापावं लागतं. पुढच्या बाजूला मोठा दावा आणि मागे हे बारीक वाक्य, अशी ती गंमत आहे.

आपल्या रानातलं काय?

गोखरू, म्हणजे सायकल पंक्चर करणारा सराटा. पुनर्नवा, जिला बरेच जण घेटुळी म्हणतात. पळसाची फुलं रात्रभर भिजवून त्यांचं पाणी. आयुर्वेदात आणि आदिवासी वैदूंकडे लघवीच्या तक्रारींवर ही नावं जुनी आहेत. यातल्या काहींनी लघवी जास्त होते, त्यामुळे घट्ट लघवीची जळजळ कमी वाटणं शक्य आहे. पण जंतू मारायला ती पुरतात, असा क्रॅनबेरीइतक्या मोठ्या चाचण्यांचा आधार त्यांना नाही.

"नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?" याचं उत्तर आपल्या शहापूरच्याच वेलीवरून देते. गुळवेल. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतल्या कातकरी तरुणांनी वन धन योजनेखाली रानातली गुळवेल गोळा करून मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून दीड कोटींच्या वरची ऑर्डर मिळवली. कोरोनाच्या काळात ही बातमी देशभर गेली, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण त्याच काळात लोक गुळवेलीचा काढा मनाला येईल तितका प्यायला लागले. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण असे दिसले, ज्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही, दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही बाजूंतून शिकायचं एकच: वेल ओळखता आली पाहिजे आणि प्रमाण माहीत पाहिजे. बाजारात सुट्ट्या पिशवीत मिळणाऱ्या, नाव-लायसन्स नसलेल्या पुडीत या दोन्हीची खात्री नसते. गरोदर असाल, किडनीचा त्रास असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नको.

आणि ते गोड-आंबट सिरप, जे मेडिकलवाला पाण्यात घालून प्यायला देतो. त्याने लघवीचा आंबटपणा कमी होतो, जळजळ थोडी शमते. जंतू तिथेच राहतात. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटोइन दिलं असेल तर सिरपचं आवर्जून सांगा, कारण ते औषध आंबट लघवीत जास्त चांगलं काम करतं. घरी खायचा सोडा पिणं तर टाळाच, बीपीवाल्यांनी नक्कीच.

मग सगळ्यात भारी उपाय कुठला?

पाणी. हसू नका. 2018 मध्ये एक चाचणी छापून आली, बल्गेरियात केलेली. 140 बायका, सगळ्या कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या. अर्ध्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना 3.2 वेळा. जवळजवळ निम्मं. खर्चाला पैसा एका पाणी विकणाऱ्या कंपनीचा होता हेही सांगून ठेवते. तरी पाण्याने जंतू धुऊन जातात ही गोष्ट समजायला सोपी आहे. दीड लिटर म्हणजे साधारण सहा मोठे ग्लास. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. धणे-जिऱ्याचं पाणी, सातूचं पाणी, पातळ ताक प्या, काही हरकत नाही. काम त्यातलं पाणीच करतं.

पण पाणी प्यायचं कुठलं, आणि मग जायचं कुठे? तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं आपल्या तालुक्याच्या उशाशी. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. आणि एप्रिल-मे आला की इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघायची. धरण उशाला, कोरड घशाला. जी बाई डोक्यावरून हंडा आणते, ती स्वतः सगळ्यात शेवटी पिते. वीटभट्टीवर आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणी टाळते आणि अंधार पडायची वाट बघते. कसारा, खर्डी, आसनगावहून लोकल पकडणाऱ्या मुली घरातून निघताना घोटभरच पितात, कारण लोकलमध्ये टॉयलेट नाही आणि कसारा ते सीएसएमटी दोन तासांच्या वरचा प्रवास. मुरबाडला तर रेल्वेच नाही, एसटीने कल्याण गाठायचं आणि मग पुढे. त्यांना "पाणी जास्त प्या" एवढंच सांगणं म्हणजे अर्धाच सल्ला झाला.

म्हणून उरलेला अर्धा घरातल्या पुरुषांसाठी. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलंय. ग्रामसभेत आपल्या पाड्याला किती येतं ते विचारा. भट्टीवर, शेतावर बायका कामाला असतील तर चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा करून द्या. त्याला क्रॅनबेरीच्या पाकिटांइतकेही पैसे लागत नाहीत.

ताईंनो, तुमच्या हातात आहे ते: लघवी दाबून ठेवू नका. गाडीत चढायच्या आधी जाऊन या. शौचानंतर पुढून मागे धुवा. आत साबण किंवा सुगंधी वॉश वापरू नका. संबंधांनंतर लघवीला जा, पुरावा फार मोठा नाही, पण खर्चही नाही. पाळी गेल्यावर त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना विचारा, त्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम असतं आणि त्याचा खरंच उपयोग होतो.

घरी थांबायचं नाही, असं कधी?

थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त. यातलं काहीही असेल तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठा. गरोदर बाई, लहान मूल, पुरुष आणि डायबेटीसचे रुग्ण यांनी तर नुसती जळजळ असली तरी दाखवावं. गरोदरपणात काहीच त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, आणि ते तसेच राहिले तर किडनीचं इन्फेक्शन आणि वेळेआधी बाळंतपण यांचा धोका वाढतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी लघवी तपासून घ्या, आशाताईंना तसं सांगून ठेवा.

बाकीच्यांनी दोन दिवस भरपूर पाणी पिऊनही जळजळ तशीच राहिली, किंवा वाढली, तर लघवीची तपासणी करा. मागच्या वेळची उरलेली अर्धी स्ट्रिप काढून घेऊ नका. आपल्या देशात ई. कोलाय बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, म्हणून वारंवार त्रास असेल तर औषधाआधी कल्चर करून घेतलेलं बरं. दिलेला कोर्स मात्र पूर्ण करा.

तर त्या ताईंना उत्तर: करवंदं आवडीने खा. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल आणि परवडत असेल तर डॉक्टरांना विचारून खरी क्रॅनबेरी घेऊन बघा. डी-मॅनोजचे पैसे वाचवा. आणि ताप आला तर पाकीट, काढा, सिरप सगळं बाजूला ठेवून दवाखान्यात जा.

हा भाग बहिणीला, वहिनीला पाठवा. नवऱ्यालाही पाठवा, आडोशाचं काम त्याच्याकडेच दिलंय. पुढच्या भागात भेटू!