सारं घर मिळून सोडलेली दारू

भंडाऱ्याहून मोहाडी-तुमसरकडे जाताना गावोगावी घरांच्या दारांवर, दुकानांच्या पाट्यांवर, ऑटोंच्या मागच्या काचांवर ‘परमात्मा एक’ ही अक्षरं दिसतात. त्या घरातला माणूस भेटला की ‘नमस्कारजी’ म्हणतो. हे सेवकाचं घर. महानत्यागी बाबा जुमदेवजींचा मानव धर्म पाळणारं.

बाबा नागपूरचे, विणकर कुटुंबातले. जन्म १९२१चा, निधन १९९६चं. त्यांचा मार्ग भंडारा जिल्ह्यात घराघरांत पोचला. जिल्ह्याच्या वेशीजवळच्या मौद्याला आश्रम आहे.

या मार्गावर माणूस बहुधा दुःख घेऊनच येतो. न हटणारं दुखणं, करणीची धास्ती, कर्ज, आणि बऱ्याचदा दारू. मात्र एकट्यादुकट्यानं येऊन भागत नाही, सारं घर यावं लागतं. देव एकच मानायचा, अंगारे-धुपारे, ताईत, बळी सगळं सोडायचं. दारू, सट्टा, जुगार, कोंबडबाजार बंद. घरात सत्य, मर्यादा आणि प्रेम पाळायचं. मार्गदर्शक सांगतील तशी प्रार्थना आणि हवन करायचं, आणि चर्चा बैठकीत सगळ्यांसमोर आपला अनुभव मांडायचा.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती घराची अट. दारुडा बरा होऊन परततो ते त्याच अंगणात, त्याच मित्रांत. आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. धान निघण्याचे दिवस, पाहुण्यांनी भरलेली घरं, रात्रभर नाटक किंवा दंडार, आणि कुठेतरी मागे मोहफुलाची. सोडलेली दारू पुन्हा सुरू व्हायला याहून सोपा मोसम नाही. अशा रात्री ‘आमी सेवक आहो’ एवढं म्हटलं की आग्रह थांबतो, कारण गावालाही ते ठाऊक असतं. ज्या बाईनं वर्षानुवर्षं मार खाल्ला, तिला बैठकीत सगळ्यांसमोर बोलता येतं. बाकीचं सगळं बाजूला ठेवलं, तरी एवढ्यासाठी मी या मार्गाला मान देईन.

संगतीच्या बळावर दारू सुटते, हे जगानंही अनुभवलं आहे. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार दिला आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथे औषध, समुपदेशन आणि घरच्यांचा सहभाग एकत्र असतो.

डॉक्टरांची ही बाजू आपल्याकडे सुटता कामा नये. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली, तर काही तासांत हात थरथरतात आणि पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, ताप चढतो, नाडी धावते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. घरचे तिला बाधा समजतात. अशा वेळी रोग्याला आधी दवाखान्यात न्यावं, प्रार्थना खाटेशेजारीही होते. विदर्भात अनेक घरांत वेदना देणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंही तेच. तिथे रक्ततपासणी आणि नियमित गोळ्यांना पर्याय नाही. श्रद्धेनं धीर येतो, पण त्या धीरावर गोळी बंद करू नये.

दारू तोडण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या. मन खचलं असेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं.