अक्षरांचा दाता

आमच्या पोफळीचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर असा : हे गाव देते पुष्कळ आणि मिरवते थोडे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. पलीकडच्या शिवसागराचे पाणी सह्याद्री पोखरून काढलेल्या बोगद्यातून इकडे येते, खाली कोसळताना चक्रे फिरवते आणि वीज होऊन दूरदूरच्या शहरांत जाते. १९६२ सालापासून हे चालू आहे. शहरात दिवा लावणारा गृहस्थ बटण दाबताना पोफळीचे नाव घेत नाही. त्याबद्दल आमची तक्रारही नाही. पण आपल्या घरात रोज येणारी वस्तू कोणाच्या कष्टांतून येते, याची चौकशी करण्याची सवय मात्र आम्हा पोफळीकरांना लागते.

त्याच सवयीने मी एके दिवशी विचारले, की संगणकावर मी जी मराठी अक्षरे उमटवतो, ती काढली कोणी? उत्तर मिळाले : रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. चित्रकारांच्या आणि जाहिरातवाल्यांच्या जगात ते ‘र. कृ.’ म्हणून ओळखले जात.

जोश्यांचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन ते जाहिरातीच्या धंद्यात शिरले. बाळ मुंडकूर यांनी १९६१ मध्ये ‘उल्का’ ही जाहिरातसंस्था काढली. तिथे कलाविभागाचे काम जोश्यांनी दोन दशके पाहिले. त्या धंद्यात इंग्रजीचा थाट मोठा. जाहिरात इंग्रजीत सुचायची, इंग्रजीत सजायची आणि अखेरीस उरल्यासुरल्या जागेत मराठीची भर व्हायची. अशा ठिकाणी बसून या माणसाने देवनागरीचा ध्यास घेतला. बोरू हाती धरला, पोथ्या-शिलालेखांतली वळणे पाहिली. ते कवीही होते. अक्षराचा आकार आणि शब्दाचा अर्थ ते एकत्रच पाहत.

जोश्यांचे खरे मोठेपण दिसते ते हाताखालच्या तरुणांना त्यांनी जे दिले त्यात. सुलेखनकार अच्युत पालव यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जे. जे. मधून नुकतेच बाहेर पडलेल्या या तरुणाला ‘उल्का’ची संशोधनवृत्ती मिळाली आणि विषय होता मोडी लिपी! शाळेतून केव्हाच हद्दपार झालेली, जुन्या दप्तरांत धूळ खात पडलेली ती लिपी. तिच्यावर साबण विकला जाणार नव्हता की कापड. तरी जाहिरातीच्या पैशातून तिचा अभ्यास झाला, आणि तो करणाऱ्याच्या पाठीशी जोशी होते. पालव त्यांना गुरू मानतात.

पुढे भरभराटीचा तो धंदा सोडून जोशी पवईच्या आय. आय. टी. मधील डिझाइन केंद्रात शिकवू लागले. त्यानंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रात (जे पुढे ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाले) त्यांनी संगणकासाठी भारतीय अक्षरे घडवली. ‘विंडोज २०००’ बरोबर घरोघर गेलेला ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. गुजरातीचा ‘श्रुती’, गुरुमुखीचा ‘रावी’, तेलुगूचा ‘गौतमी’, कानडीचा ‘तुंगा’ हेही त्यांच्या देखरेखीखाली झाले. यांतल्या बऱ्याच टंकांच्या नोंदीत त्यांच्या नावाशेजारी तरुण सहकाऱ्यांची नावे आहेत. साहेबांनी सही करावी आणि काम करणाऱ्याचे नाव कोणी घेऊ नये, ही रीत आपण सर्वत्र पाहतो. म्हणून ती शेजारची नावे मला मोलाची वाटतात.

हे काम केवढे किचकट! रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की भागते. आपली पहिली वेलांटी टंकायची व्यंजनानंतर आणि दिसायची त्याच्या आधी. जोडाक्षरे कधी शेजारी बसतात, कधी एकमेकांच्या खांद्यावर. आमच्या कोकणात ‘दर्या’ पश्चिमेला आणि ‘दऱ्या’ पूर्वेला; रफार चुकला तर समुद्र डोंगरात जाईल! असा प्रत्येक मेळ अक्षरे घडवणाऱ्याला आधीच योजून ठेवावा लागतो.

याचे मोल मला घरातच कळले. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी तिच्या तोंडून ऐकून पूर्वी संगणकावर टंकून ठेवल्या होत्या. त्या काळी ज्याचा त्याचा टंक निराळा आणि त्याचे सांकेतिक आकडेही निराळे. नव्या यंत्रावर त्या उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि ‘मंगल’सारख्या टंकांनी त्या क्रमांकाला रूप दिले, तेव्हा हा गोंधळ मिटला. मी ओव्या पुन्हा टंकल्या. दुसऱ्यांदा सांगायला आई होती, म्हणून बरे. आज ती नाही. ओव्या आहेत, आणि परदेशी असलेली तिची नात त्या तिथे वाचते.

‘मंगल’ कंपनीच्या मालकीचा. पण जोश्यांचाच ‘रघू’ नावाचा टंक मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. विकता येण्याजोगी विद्या अशी मोकळी सोडायला मन मोठे लागते. लिपी ही सर्वांची. मग तिची अक्षरेही सर्वांना मिळावीत, याहून साधा न्याय कोणता?

फेब्रुवारी २००८ मध्ये जोशी सॅन फ्रान्सिस्को येथे वारले. त्यांचे छायाचित्र भिंतीवर लावा, असे मी म्हणत नाही. यंदाच्या दिवाळीत मुलाबाळांना शुभेच्छा पाठवताना रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा आळस तेवढा टाळा. आपली अक्षरे तयार आहेत, बोटांखाली आहेत, आणि ती देणाऱ्याने हात राखून दिलेली नाहीत.