गंजाला खंडेनवमीपर्यंत मुदत नको

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, जळगाव-धुळ्याकडच्या घरांत विळे, कुदळी, कुऱ्हाडी घासूनपुसून पुजल्या जातात. रीत चांगलीच आहे, पण वर्षभराची निगा त्या एका दिवसावर सोपवली तर फार उशीर होतो. गंजाचे दिवस त्याआधीचे, पावसाळ्याचे. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज धरतो. हा थर भुसभुशीत असतो. तो खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो आणि खाणे आत चालूच राहते. त्यामुळे पात्याला पडलेले खड्डे नवमीला घासून भरून येत नाहीत. धार काढताना तेवढे लोखंडच झिजवावे लागते.

खानदेशची हवा कोरडी, इथे कोकणासारखा गंज कुठला, असे कोणी म्हणेल. वैशाखापुरते ते खरे. पण रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबकची ओल आणि दाट सावली असते. शिवाय केळीला पालाश भरपूर लागते आणि ते बहुधा म्युरेट ऑफ पोटॅशमधून दिले जाते. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचेच भाऊबंद. खताने माखलेले फावडे तसेच कोपऱ्यात टेकवले, की समुद्र शेकडो मैल दूर असूनही लोखंडाला खारा मारा बसतो. हे क्षार नुसते पुसून जात नाहीत, पाण्यानेच धुवावे लागतात. विळ्यावर केळीचा चीक वाळून काळा पडला असेल तर तोही खरवडून काढावा, कारण त्याला धूळ आणि ओल चिकटून राहते.

धुतल्यावर गोणपाटाने कोरडे पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. हे तेल हवेत वाळून पापुद्रा धरते. शेंगदाण्याचे चिकट होऊन धूळ ओढते. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते हे मान्य, पण त्यातली घाण हाताला, भाजीला आणि मातीला लागते. जुना गंज चिंचेच्या कोळात भिजवून तारेच्या ब्रशने निघतो. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच सुकवावे, नाहीतर ओल्या लोखंडावर तासाभरात नवा गंज चढतो. गंज जाळायला पाते विस्तवात मात्र घालू नका, लोहाराने दिलेले पाणी उतरते. नवा विळा स्वस्त मिळतो म्हणून हा खटाटोप कशाला, हा हिशोबही अपुरा आहे. बोथट विळ्याने वाया जाणारी मजुरी त्यात धरलेली नसते. आणि जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून मोकळी पसरून वाळवा.